फौजी तात्यांची तागडी

माणदेशात पाऊस नावालाच. कोरडवाहू रानावर घर चालेना, म्हणून दुसऱ्या महायुद्धात आमच्याकडची कितीतरी पोरं मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाली. फौजी तात्या त्यातलेच.

मराठ्यांच्या पलटणी इटलीत लढल्या. १० जुलै १९४४ ला यशवंत घाडगे तिथंच पडले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी सोबत्यांना उचलून खोल पाण्यातून अलीकडं आणलं. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तात्यांना पदक नव्हतं. लढाई संपली, फौज कमी झाली आणि ते लंगडता पाय घेऊन गावी आले. बाजारपेठेत त्यांनी किराणा दुकान टाकलं.

लढाईच्या गोष्टी ते फारशा सांगत नसत. शिस्त मात्र फौजेतलीच. पहाटे झाडलोट, खाकी अर्धी चड्डी, आणि तागडीचा काटा मधोमध थांबल्याशिवाय पुडी बांधायची नाही. १९६० च्या आसपास शेर, छटाक जाऊन किलो आला. म्हाताऱ्या बायांना वाटायचं, आपण फसतोय. तात्यांनी जुनी मापं फेकली नाहीत. किलोसमोर शेर ठेवून दाखवायचे, "बघ आक्का, किलो थोडा जास्तच भरतोय."

१९७२ च्या दुष्काळात माणसाची पारख झाली. सगळं गाव खडी फोडायला. पोटात सुकडी नाहीतर तांबडी मिलो. कामाचा पगार कधी पंधरा दिवसांनी, कधी त्याहून उशिरा. तोवर मीठ-मिरची, गोडेतेल, काडीपेटी तात्यांच्या वहीवर. थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पैसा सगळा उधारीत अडकला, लग्न पुढं गेलं. काकू दुकानातच कडाडल्या, "गावाला खाऊ घालताय, पोरीचं काय?" तात्या खाली मान घालून पुडी बांधत राहिले. त्यांनाही ते लागलं असणार. पण गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परतलं नाही.

पुढं पाऊस झाला, सुगी आली. कुणी पैसे दिले, कुणी बाजरीची पायली आणून ओतली. लेकीचं लग्न झालं. मांडवाला मेढी, चुलीला सरपण उधारीवाल्यांनीच वाहिलं.

त्या वहीत माझ्या वडिलांच्या नावावर बेचाळीस रुपये होते. ते फिटायला १९७५ साल उजाडलं. मधल्या काळात मी रोज दुकानावरून शाळेला जायचो. तात्यांनी मला एकदाही हटकलं नाही.