एका उघड्या नोंदवहीचा इतिहास



घराच्या दारावर पाटी असावी कीं नसावी, हा वादाचा विषय होईल असें आपणांस वाटत नाहीं. येणाऱ्याला घर सांपडावें, पत्र योग्य हातीं पडावें, एवढाच तिचा हेतु. परंतु त्याच पाटीवर घरधन्याचा टेलिफोन-क्रमांक व टपालाचा पत्ता लिहून ती साऱ्या जगाच्या चव्हाट्यावर टांगली, तर? इंटरनेटवर डोमेन-नांव घेणाऱ्यांच्या बाबतींत कित्येक वर्षें हेंच घडत होतें. त्या पाटीची हकीगत आज सांगावयाची आहे.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर उभें राहिलेलें ‘आर्पानेट’ नांवाचें संगणकांचें एक जाळें होतें. त्याचें माहितीकेंद्र कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें असे, आणि १९७० नंतरच्या दशकापासून त्याचीं सूत्रें एलिझाबेथ फाइनलर या विदुषींच्या हातीं होतीं. जाळ्यावर कोण आहे, हें विचारावयाचें तर या केंद्राकडे चौकशी करावी लागे. चौकश्या वाढूं लागल्या, तेव्हां उत्तर देण्याचें काम यंत्राकडेच सोपविण्यांत आलें. मार्च १९८२ मध्यें केन हॅरन्स्टीन व विक व्हाइट यांनीं त्याची रीत एका टिपणांत नमूद केली. तिचें नांव ‘हूइज’, म्हणजे ‘कोण आहे?’. प्रश्न एका ओळीचा, उत्तर साध्या अक्षरांत. विचारणाऱ्यानें आपली ओळख देण्याचें मात्र कारण नव्हतें. जाळें वापरणाऱ्यानें पूर्ण नांव, टपालाचा पत्ता, टेलिफोन व जाळ्यावरील टपालपेटी नोंदवावी, अशी त्यांत अपेक्षा होती.

त्या काळीं यांत कोणास कांहीं वावगें वाटलें नाहीं, आणि तें स्वाभाविकच होतें. वस्ती लहान, बहुतेक संशोधक व सरकारी नोकर. एखादें यंत्र बिघडलें तर त्याच्या चालकास तत्काळ कळवितां यावें, ही खरी सोय होती.

पुढें वस्ती बदलली; पाटी तशीच राहिली. १५ मार्च १९८५ रोजीं ‘डॉट कॉम’ कुळांतील पहिलें नांव नोंदलें गेलें. १९९५ मध्यें नांवांसाठीं शुल्क सुरू झालें, आणि १९९८ मध्यें या साऱ्या व्यवस्थेवर देखरेख करण्यासाठीं ‘आयकॅन’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या करारांनीं जुनी चाल नियमांत बांधली. नांव घेणाऱ्याचा पत्ता व टेलिफोन जाहीर राही, आणि जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याचें नांव रद्द होऊं शके.

परिणाम दोन्ही बाजूंचे झाले. फसवणुकीचा माग काढणारे पोलीस, वार्ताहर व संशोधक यांना ही नोंदवही मोलाची ठरली. उलट जाहिरातबाजांनीं तिच्यांतून पत्ते उचलले, आणि एखाद्या निर्भीड लेखिकेस त्रास देऊं पाहणाऱ्यालाही तिच्या घराची वाट सांपडूं शकली. मग आडपडद्याचीही विक्री सुरू झाली. पैसे मोजल्यास नोंदींत दुसऱ्या कंपनीचें नांव लागे. खाजगीपण ही अशा रीतीनें विकत घेण्याची वस्तु बनली.

युरोपांत माहिती-रक्षणाच्या अधिकाऱ्यांनीं २००३ सालींच या प्रकाराविषयीं इशारा दिला होता. पण निर्णायक घाव बसला तो २५ मे २०१८ रोजीं, युरोपचा नवा कायदा अमलांत आला तेव्हां. त्याच्या आठ दिवस आधीं आयकॅननें घाईनें तात्पुरता नियम केला, आणि व्यक्तींचे पत्ते व क्रमांक बहुतांशीं पडद्याआड गेले. त्याच महिन्यांत जर्मनींतील बॉन येथील न्यायालयापुढें प्रश्न आला, कीं नांव घेणाऱ्याखेरीज व्यवस्थापक व तंत्रज्ञ यांचेही तपशील नोंदणी-कंपनीनें गोळा केलेच पाहिजेत काय? त्यांची आवश्यकता दाखविली गेली नाहीं, असें म्हणून न्यायालयानें तसा आदेश देण्याचें नाकारलें. गरजेपुरतीच माहिती घ्यावी, हें तत्त्व तेथें स्पष्ट झालें.

आपल्या देशांतही २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी कुळांत मराठी अक्षरांचें नांवही घेतां येतें. तेव्हां हा प्रश्न परक्याच्या घरचा राहिलेला नाहीं.

२८ जानेवारी २०२५ पासून ‘डॉट कॉम’सारख्या सर्वसाधारण कुळांना हूइज चालविण्याचें बंधन उरलें नाहीं. तिच्या जागीं ‘आरडॅप’ ही पद्धति आली. विचारणारा कोण हें पाहून कमी-अधिक उत्तर देण्याची सोय तींत आहे. अर्थात् पडद्याचा लाभ लबाडासही मिळतो, आणि फसलेल्या माणसाला दाद मागणें कठीण होतें, हा आक्षेप खोटा नाहीं. म्हणून पडदा असावा, पण योग्य कारण दाखविणाऱ्यासाठीं तो विनाविलंब उघडावा, हेंच न्यायाचें दिसतें.

दारावर थाप पडली कीं ‘कोण आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे घरांतला माणूस विचारतो, बाहेरचा नव्हे. ही साधी रीत पुन्हा ध्यानांत येण्यास त्या नोंदवहीला छत्तीस वर्षें लागलीं.