तंतुमय आहाराचे किण्वन व आंत्रदाह
कोंडा, कडधान्ये व भाज्या यांतील जे तंतू लघ्वांत्रातील पाचकरसांना दाद न देता बृहदांत्रात उतरतात, त्यांचे तेथील सूक्ष्मजंतू किण्वन करतात व त्यातून ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही अम्ले निर्माण होतात. पैकी ब्युटिरिक अम्ल अस्तरपेशींचे मुख्य इंधन असून, ते जाळताना त्या प्राणवायू खर्च करतात व आतड्याची पोकळी प्राणवायुरहित राखतात. दाहाने हा बंदोबस्त मोडला म्हणजे फीकॅलिबॅक्टेरियमसारखे ब्युटिरेटकारक जंतू घटून, प्राणवायू सोसणारे एश्चेरिकिया कोलायच्या कुळातील जंतू माजतात. व्रणयुक्त बृहदांत्रदाहाच्या उपशमकाळात इसबगोलाचे बी मेसालामाइन या औषधाच्या जवळपास तोडीचे ठरल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका चाचणीत दिसले, ही गोष्ट मोलाची होय. तथापि क्रोन रोगाने आतडे अरुंद झालेल्या रुग्णास सरसकट कोंडा देणे धोक्याचे असते.