कै. त्र्यंबक शंकर शेजवलकर : एक ऋणस्मरण

कै. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांचें २८ नोव्हेंबर १९६३ रोजीं निधन झालें, त्या वेळीं प्रस्तुत लेखक पाळण्यांत होता. त्यांच्यापुढें बसून शिकण्याचें भाग्य अर्थात् लाभलें नाहीं. तथापि संस्कृताचें अध्यापन करीत असतां जुन्या कागदांचा नाद लागला, आणि त्या वाटेवर ज्यांस गुरु म्हणावें असे शेजवलकरच भेटले. त्यांचें ऋण एका घरगुती उदाहरणानें येथें नमूद करावयाचें आहे.

शेजवलकरांचा जन्म १८९५ चा. डेक्कन कॉलेजची संशोधनसंस्था १९३९ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून १९५५ पर्यंत ते तेथें मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापक होते. पानिपतावरील त्यांचा इंग्रजी प्रबंध १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. मराठी ग्रंथ १९६१ सालीं, म्हणजे त्या संग्रामास दोनशें वर्षें झालीं त्या वर्षीं, निघाला. सदाशिवरावभाऊंवर पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले आरोप त्यांनीं मूळ साधनांशीं ताडून पाहिले. एखादी गोष्ट लोकांत रूढ आहे एवढ्यानें ती खरी ठरत नाहीं, व ती आपणांस प्रिय आहे एवढ्यानें तर मुळींच नाहीं, हा धडा मीं त्या ग्रंथापासून घेतला.

तो धडा आमच्याच घरीं कसोटीस लागला. आमचे एक पूर्वज भाऊंच्या लष्करांत कारकून होते व पौष शुद्ध ८ शके १६८२ रोजीं पानिपतावर पडले, अशी घराण्यांतील परंपरा. श्राद्धाच्या दिवशीं वडील ही कथा सांगत. मींही ती मुलांना सांगितली. सेवानिवृत्तीनंतर घरचा एक रुमाल सोडला, त्यांत याच गृहस्थांची, पितृनाम व उपनाम यांसह, रुपये मिळाल्याची पावती निघाली. मिति श्रावण शुद्ध ५ शके १६८५, सुभानु संवत्सर. सन अर्बा सितैन मया व अलफ. शक, संवत्सर व सुहूर सन या तिहींचा मेळ बसतो, म्हणजे इ. स. १७६३ चा श्रावण. अक्षराचें वळणही त्यांच्या पानिपतापूर्वींच्या एका कागदाशीं जुळतें. तात्पर्य, रणांत पडलेले आमचे पूर्वज अडीच वर्षांनंतर घरीं बसून रुपये मोजून घेत होते!

कागद पुन्हा रुमालांत बांधून ठेवावा, असें प्रथम मनांत आलें. आप्तांचाही सल्ला तोच पडला. त्या दिवसांत शेजवलकरांचें ‘श्री शिवछत्रपती’ वाचनांत होतें. संकल्पित शिवचरित्राची प्रस्तावना, आराखडा व साधनें, एवढेंच त्या ग्रंथांत आहे. चरित्र लिहून होण्यापूर्वींच कर्त्यास काळानें गांठलें. ग्रंथ १९६४ सालीं निघाला, आणि १९६६ सालीं त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मंदिर उभें राहिलें नाहीं, परंतु घडविलेले चिरे सर्वांना दिसतील असे मांडून ठेवलेले आहेत. ज्यास पुढें बांधावयाचें असेल त्यानें ते पारखून घ्यावे. आपण नसतांही आपलें अध्यापन चालूं ठेवण्याचा याहून दुसरा मार्ग मला ठाऊक नाहीं.

तो ग्रंथ मिटल्यावर पावती लपविण्याचें धैर्य उरलें नाहीं. तिची नक्कल व छायाचित्र संस्थेच्या दप्तरीं दाखल केलें आहे. मूळ कागद अभ्यासकांस केव्हांही दाखवूं. हे गृहस्थ निराळे, असें कोणी साधार सिद्ध केल्यास तेंही आनंदानें मान्य करूं. संग्राहक बंधूंस विनंति इतकीच कीं, घराण्याच्या कीर्तीस बाधक म्हणून जो कागद आपण तळाशीं ठेविला असेल, तोच प्रथम वर काढावा. धन्याबरोबर गेलेला कागद परत येत नाहीं.

यंदा पितृपक्षांत नातवंडांनीं नेहमींची कथा विचारली. पणजोबांचे ते पूर्वज पानिपतावर पडले नाहींत, एवढें सांगितलें. “मग ते गेले तरी होते का?” असा धाकट्याचा प्रश्न आला. त्याचें उत्तर देणारा कागद अद्याप शोधतों आहें. प्रश्न मात्र शेजवलकरांस आवडला असता.