शाळेत नर्स नेमणारे रसायनतज्ज्ञ

‘लेडर्ली’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या डॉक्टरांना औषधाच्या खोक्यावरून ठाऊक आहे. येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन विभागाचे प्रमुख असताना सापडलेले ऑरिओमायसिन १९४८ साली बाजारात आले, ते याच कंपनीचे. कंपनी काढणारे अर्न्स्ट लेडर्ली त्याआधी न्यूयॉर्क शहराचे आरोग्य आयुक्त होते. ते डॉक्टर नव्हते, रसायनतज्ज्ञ होते. शाळेतल्या नर्सच्या इतिहासात लिलियन वॉल्ड आणि लिना रॉजर्स यांची नावे येतात, आणि ती यायलाच हवीत. लेडर्ली मात्र एका ओळीत उरकले जातात. हे काही बरोबर नाही.

न्यूयॉर्कच्या शाळांत १८९७ पासून डॉक्टर मुलांना तपासत होते. १९०२ मध्ये ही तपासणी कडक झाली आणि खुपऱ्या, खरूज, नायटा, डोक्यात उवा असलेल्या मुलांची रोज घरी रवानगी होऊ लागली. डॉक्टरांनी रोग ओळखायचा, चिठ्ठी द्यायची आणि मूल बाहेर काढायचे. उपचार त्यांच्या कामात बसत नव्हते. चिठ्ठी आईच्या हाती पडली तरी ती वाचणार कोण? शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत रशियातून आलेली ज्यू कुटुंबे होती, इटालियन होते. घरी पाठवलेले मूल संध्याकाळी शाळेतल्याच सवंगड्यांबरोबर गल्लीत खेळायचे. संसर्ग थांबत नव्हता, थांबत होती ती शाळा.

वॉल्ड याच वस्तीत, हेन्री स्ट्रीटवर, नर्सेसचे केंद्र चालवत. त्यांना लुई नावाचा बारा वर्षांचा मुलगा भेटला होता. डोक्यावरच्या फोडांमुळे शिक्षक त्याला दर वेळी परत पाठवत, म्हणून त्याला वाचताही येत नव्हते. वॉल्डबाईंनी मलम नीट लागेल असे पाहिले, आणि मुलगा वर्गात बसू लागला.

त्यांनी महापालिकेपुढे सरळ सौदा ठेवला: एक नर्स आम्ही देतो, प्रयोग जमला तर पुढे पगार शहराने द्यावा. लेडर्लींच्या खात्याने तो मान्य केला. ऑक्टोबर १९०२ मध्ये कॅनडाहून आलेल्या लिना रॉजर्स चार शाळांत रुजू झाल्या. चार शाळा म्हणजे सुमारे दहा हजार मुले, आणि नर्स एक.

काम अगदी साधे होते. उवा झालेल्या केसांना रॉकेल आणि गोडे तेल समप्रमाणात चोळायचे, दुसऱ्या दिवशी डोके धुवायचे, लिखा निघाव्यात म्हणून गरम व्हिनेगर लावायचे. खरुजेला साबणाने घासून गंधकाचे मलम. मूल लगेच वर्गात परत. उरलेल्या वेळात चाळींचे जिने चढून आयांना तेच करून दाखवायचे. डॉक्टरांची चिठ्ठी जे करू शकली नाही, ते या जिने चढण्याने केले.

महिनाभराचा प्रयोग संपला आणि शहराने आणखी नर्सेस नेमल्या. त्यांच्यासाठी ३०,००० डॉलर मंजूर झाले. सप्टेंबर १९०२ मध्ये १०,५६७ मुलांना शाळेबाहेर काढले होते. पुढच्या सप्टेंबरमध्ये हा आकडा १,१०१ वर आला. लंडनमध्ये १८९२ पासून नर्सेस शाळेत जात होत्या, पण त्या धर्मादाय संस्थेच्या. नर्सचा पगार पालिकेच्या अंदाजपत्रकात घालणे, हे न्यूयॉर्कचे खरे काम. लेडर्लींचे श्रेय नेमके तेवढेच, आणि ते लहान नाही. देणगीवर चालणारी नर्स देणगीदाराचे मन फिरले की जाते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. १९०६ साली एका शाळेत डॉक्टरांनी मुलांच्या नाकामागच्या गाठी काढल्या. मुलांचे गळे कापतात, अशी अफवा उठली आणि आया झुंडीने शाळांवर चालून गेल्या. घरापर्यंत जाऊन बोलणारे कोणी नसेल तर काय होते, त्याचा हा पुरावा.

आपल्याकडे सुरुवात १९०९ साली बडोद्यात झाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे सयाजीराव गायकवाड तेव्हा गादीवर होते. त्यांनी आधी शिक्षण सक्तीचे केले आणि मागोमाग शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणीही आली. तरीही १९४६ मध्ये आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीला देशात शालेय आरोग्यसेवा जवळजवळ दिसलीच नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ पालघरला झाला. त्याच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक नर्स असते. सरकारी शाळेत हे पथक वर्षातून एकदा येते.