मत्स्यालयातील शिकारी माशांचा आहार

इतर मासे, बेडूक, झिंगे वगैरे प्राण्यांवर उपजीविका करणारे मोठे मासे काचेच्या टाकीत वा हौदात पाळताना त्यांना द्यावयाच्या समतोल खाद्याचा विचार. खानदेशात तापी व तिच्या उपनद्यांतील शिवडा, मरळ आणि वाम हे या गटातील परिचित मासे होत. शिवड्याची लांबी मीटरभराहूनही अधिक होऊ शकते.

आहारभेदाची जाणीव जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. ११२६–३८) याच्या मानसोल्लास या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात सु. ३५ प्रकारचे मासे वर्णिले असून कोणत्या माशास पिठाचे गोळे व कोणत्यास मांस घालावे, हेही सांगितले आहे. हेतू अर्थात गळाने मासे पकडण्याचा होता, संगोपनाचा नव्हे. तथापि निरीक्षण अचूक आहे. संस्कृत ‘पाठीन’ म्हणजे शिवडाच, असे सामान्यतः मानतात.

काचेमागे मासे ठेवून ते लोकांना दाखविण्याची प्रथा १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झाली. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले. समुद्रकाठच्या मत्स्यालयास ताजी मासळी सहज मिळते. जळगाव-धुळ्याकडे ती बर्फात घालून येते. येथील मत्स्यपालकाच्या हाताशी असतात सरकी व भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा. रोहू-कटल्यास हे चालते. शिकारी माशांचे आतडे मात्र आखूड असते व पिष्टमय पदार्थ त्यांना नीट पचत नाहीत. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्यही अपायकारक असते. बैलाच्या वा कोंबडीच्या मांसावरच मासे पोसणे हा दुसरा टोकाचा प्रकार. सस्तन प्राण्यांची चरबी माशाच्या यकृतात साठत जाते व मासा वरून धष्टपुष्ट दिसत असतानाच मरतो.

जिवंत मासे खाऊ घालणे सर्वांत नैसर्गिक, असा समज हौशी लोकांत दृढ आहे. त्यातील धोका कळला तो मात्र एका वेगळ्याच प्राण्यामुळे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९३२ मध्ये कच्चे कार्प मासे खाणारे पाळीव कोल्हे लुळे पडून मेले. कार्प कुलातील अनेक माशांच्या शरीरात थायामिनेज हे एंझाइम असते आणि ते ब-१ जीवनसत्त्वाचा नाश करते, हे पुढील संशोधनात स्पष्ट झाले. शिजविल्याने ते निष्क्रिय होते, गोठविल्याने नाही. स्वस्त म्हणून टाकीत सोडला जाणारा गोल्डफिश याच कुलातला. नेहमी तोच खाणाऱ्या माशाचा तोल जातो, तो झटके देऊ लागतो. शिवाय परजीवी टाकीत येतात ते वेगळेच.

म्हणून आहारात विविधता हवी : थायामिनेज नसलेल्या जातींच्या माशांचे तुकडे, सालीसकट कोळंबी, शिंपल्यांचे मांस, गांडुळे आणि मांसाहारी माशांसाठी तयार केलेल्या गोळ्या. तेलकट मासळी फार दिवस साठविल्यास खवट होते व ई जीवनसत्त्व नष्ट होते. पिलांना रोज, तर पूर्ण वाढलेल्या माशास आठवड्यातून दोन-तीनदा खाद्य पुरते. मासा मागतो म्हणून देत राहणे हा दयाळूपणा नव्हे.

खानदेशच्या हवामानात प्रमाण ऋतूप्रमाणे बदलावे लागते. उन्हाळ्यात पारा ४५° से.वर जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तर पचनासाठी माशाला तो अधिक लागतो. अशा दिवसांत थोडेच खाद्य पहाटे द्यावे. कडाक्याच्या थंडीत भूक मंदावते आणि न खाल्लेले मांस कुजून पाणी बिघडते.

खर्च झेपेनासा झाला की परदेशी मासे जलाशयात सोडून देण्याची वाईट खोड आढळते. उत्तर अमेरिकेतील ॲलिगेटर गार हा शिकारी मासा २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात सापडला. असा मासा हतनूरसारख्या जलाशयात आला, तर स्थानिक माशांची पिले व त्यांवर पोट असलेले भोई दोघांनाही त्याची झळ पोहोचेल.