ब्राउझरनिहाय शैलीनियम

ब्राउझरनिहाय शैलीनियम : जालपृष्ठाच्या दृश्य रूपाविषयीच्या सूचना एखाद्या विशिष्ट ब्राउझरच्या विशिष्ट आवृत्तीलाच लागू पडाव्यात व इतरांनी त्या वगळाव्यात, अशा बेताने केलेली शैलीपत्रकातील नियमांची रचना. आंतरजालावरील मजकूर वाचकाच्या संगणकावर दाखविणाऱ्या आज्ञावलीस ब्राउझर (न्याहाळक) म्हणतात. तर अक्षरांचा आकार, रंग, समास, रकान्यांची मांडणी इ. गोष्टी ठरविणाऱ्या नियमांच्या संचास शैलीपत्रक म्हणतात. सर्व ब्राउझरांनी एकच नियम एकाच प्रकारे पाळला असता, तर ब्राउझरनिहाय नियमांची गरजच पडली नसती. प्रत्यक्षात १९९७ नंतरची सुमारे पंधरा वर्षे असे नियम जालपृष्ठरचनेच्या व्यवसायाचे अविभाज्य अंग होऊन बसले होते. त्यांचा इतिहास हा लिखित मानक आणि त्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी यांतील अंतराचा इतिहास होय.

उगम : विश्वजालाची (वर्ल्ड वाइड वेबची) कल्पना टिम बर्नर्स-ली या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये जिनीव्हाजवळील सर्न या यूरोपीय संशोधनसंस्थेत मांडली. त्यांनी तयार केलेल्या एचटीएमएल या भाषेत शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, यादी कोणती एवढेच सांगण्याची सोय होती. मजकूर कसा दिसावा, हे ब्राउझरवर सोपविलेले होते. मोझेइक (१९९३) व नेटस्केप नॅव्हिगेटर (१९९४) या ब्राउझरांमुळे जालाचा प्रसार झपाट्याने झाला आणि मुद्रित पानाप्रमाणे जालपृष्ठाच्या रूपावरही आपला ताबा असावा, असे लेखक-प्रकाशकांना वाटू लागले. ही गरज भागविण्यासाठी सर्नमध्येच काम करणारे हॉकून व्हीउम ली या नॉर्वेजियन संशोधकांनी १० ऑक्टोबर १९९४ रोजी एक प्रस्ताव मांडला. मजकुराची रचना व त्याचे रूप अलग ठेवावे, रूपाचे नियम स्वतंत्र पत्रकात लिहावे आणि लेखकाची इच्छा व वाचकाची आवड यांचा ठराविक क्रमाने मेळ घालावा, असे त्याचे सार होते. बेर्ट बॉस या डच संशोधकांच्या सहकार्याने या कल्पनेतून सीएसएस ही शैलीपत्रकांची भाषा सिद्ध झाली. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने तिचे पहिले मानक १७ डिसेंबर १९९६ रोजी व दुसरे मे १९९८ मध्ये प्रसिद्ध केले.

अनोळखी नियम वगळण्याचे तत्त्व : भाषा पुढे वाढत जाणार, हे ओळखून पहिल्या मानकातच एक दूरदर्शी तरतूद करण्यात आली. ब्राउझरला एखादा गुणधर्म, मूल्य किंवा नियम समजला नाही, तर त्याने अडून न बसता तेवढाच भाग वगळून पुढे जावे, अशी ती तरतूद होती. त्यामुळे नवे नियम लिहिले, तरी जुन्या ब्राउझरांवरील पृष्ठे कोसळत नाहीत. परंतु कोणता ब्राउझर कोणता नियम वगळतो हे एकदा कळले, की त्याला चुकवून इतरांशी बोलण्याची वाटही याच तरतुदीने मोकळी होते. ब्राउझरनिहाय नियमांच्या बहुतेक युक्त्यांचा पाया हाच आहे.

ब्राउझरांतील तफावत : मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोअररने ऑगस्ट १९९६ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत शैलीपत्रकांना अंशतः आधार दिला, मात्र तेव्हा मानक अद्याप अंतिम झालेले नव्हते. नेटस्केपने स्वतःची वेगळी पद्धत पुढे केली होती. त्यामुळे १९९७ मधील तिच्या चौथ्या आवृत्तीत सीएसएसचा आधार घाईने व सदोष रीतीने आला. जावास्क्रिप्ट ही सोय वाचकाने बंद केली, तर त्या ब्राउझरमधील शैलीपत्रकेही बंद पडत.

सर्वांत त्रासदायक ठरलेला मतभेद पेटीच्या मापाचा होता. शैलीपत्रकाच्या दृष्टीने पृष्ठावरील प्रत्येक घटक ही एक आयताकृती पेटी असते. तिच्यात मधोमध मजकूर, त्याभोवती आतील मोकळी जागा, मग किनार आणि बाहेर समास असतो. मानकानुसार ‘रुंदी’ म्हणजे केवळ मजकुराची रुंदी; विंडोजवरील एक्स्प्लोअररच्या पाचव्या आवृत्तीत मात्र किनारीसह सर्व मिळून होणाऱ्या मापाला रुंदी मानले जाई. समजा, रुंदी ३०० चित्रबिंदू, आतील मोकळी जागा दोन्ही बाजूंना प्रत्येकी २० आणि किनार प्रत्येकी ५ चित्रबिंदू आहे. मानकानुसार ही पेटी किनारीसह ३५० चित्रबिंदू रुंद होते. एक्स्प्लोअररमध्ये ती ३०० चित्रबिंदूच राहते व मजकुराला केवळ २५० मिळतात. दोन-तीन रकान्यांच्या पृष्ठात ५० चित्रबिंदूंचा हा फरक शेजारचा रकाना खाली ढकलण्यास पुरेसा असे.

युक्त्यांचा काळ : मजकुरासाठी दोन पृष्ठे तयार करणे खर्चाचे होते. म्हणून रचनाकारांनी एकाच शैलीपत्रकात ब्राउझरांना वेगवेगळी उत्तरे देण्याच्या युक्त्या शोधल्या. नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीला दुसरे पत्रक आत ओढून घेण्याची ‘आयात’ आज्ञा समजत नसे. तेव्हा प्रगत नियम आयात केलेल्या पत्रकात ठेवले, की तो ब्राउझर आपोआप साध्या रूपावर राही. पेटीच्या मापासाठी टानटेक चेलिक यांनी काढलेली तोड प्रसिद्ध आहे. ध्वनिवाचनासाठी असलेल्या एका गुणधर्माच्या मूल्यात त्यांनी अवतरणचिन्हे व महिरपी कंस अशा रीतीने गुंफले, की एक्स्प्लोअरर ५ ला नियम तेथेच संपला असे वाटे. परिणामी त्याला आधी लिहिलेली, त्याच्या हिशोबाने योग्य ठरणारी रुंदी मिळे आणि इतर ब्राउझर पुढे वाचत जाऊन खरी रुंदी घेत.

एक्स्प्लोअररची सहावी आवृत्ती ऑगस्ट २००१ मध्ये आली. पृष्ठाच्या आरंभी प्रकारनिदर्शक घोषणा योग्य रीतीने केलेली असेल, तर ती पेटीचे माप मानकानुसार मोजी. घोषणा नसेल, तर जुन्या पद्धतीने मोजी. अशा द्विविध वर्तनाचा अवलंब मॅकिंटॉशवरील एक्स्प्लोअरर ५ ने मार्च २००० मध्येच केला होता. तथापि सहाव्या आवृत्तीत इतर दोष पुष्कळ होते. उदा., एका बाजूस सरकविलेल्या पेटीचा त्या बाजूचा समास काही वेळा ती दुप्पट करी. या आवृत्तीला गाठण्याचे दोन मार्ग रूढ झाले. एचटीएमएल हा पृष्ठाचा मूळ घटक असून त्याच्यावर दुसरा घटक असू शकत नाही. पण सहावी व तिच्या आधीच्या आवृत्त्या तेथे एक अदृश्य घटक असल्याचे मानीत. म्हणून ‘कोणत्याही घटकाच्या आतील एचटीएमएल’ असे तारकाचिन्हाने लिहिलेला नियम फक्त त्यांनाच लागू पडे. तसेच गुणधर्माच्या नावाआधी अधोरेखा काढली, की इतर ब्राउझर ते नाव अनोळखी म्हणून वगळीत आणि याच आवृत्त्या ते स्वीकारीत.

सशर्त टिप्पण्या : मायक्रोसॉफ्टने पाचव्या आवृत्तीपासून एक अधिकृत सोयही दिली होती. एचटीएमएलमधील टिप्पणीत आवृत्तीची अट लिहिली, की अट पुरी करणारा एक्स्प्लोअररच तिच्यातील पत्रक वाची. इतर ब्राउझरांच्या दृष्टीने ती निव्वळ टिप्पणी राही. या पद्धतीत वाचनदोषावर विसंबावे लागत नसे व मुख्य पत्रक स्वच्छ राही. त्यामुळे जाणकारांनी युक्त्यांपेक्षा तिलाच पसंती दिली.

सातव्या आवृत्तीचा पेच : युक्तीचे यश दोन दोषांच्या जोडीवर अवलंबून असते. एका दोषामुळे मांडणी बिघडते आणि दुसऱ्या, वाचनातील दोषामुळे त्या ब्राउझरला वेगळे काढता येते. दोहोंपैकी एकच दोष दुरुस्त झाला, तर युक्ती उलटते. ऑक्टोबर २००६ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीत तारकाचिन्हाचा दोष काढून टाकण्यात आला. मांडणीतील सर्व दोष मात्र गेले नव्हते. त्यामुळे तारकाचिन्हामागे ठेवलेल्या दुरुस्त्या नव्या आवृत्तीपर्यंत पोहोचेनात. हे लक्षात घेऊन मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००५ मध्येच रचनाकारांना आपली पत्रके युक्तिमुक्त करण्याचे आवाहन केले होते. सहाव्या व सातव्या आवृत्त्यांत पाच वर्षांचे अंतर पडल्याने असंख्य पृष्ठे जुन्या दोषांना धरून लिहिली गेली होती. मानक पाळणारा ब्राउझर आणला, तर चालू पृष्ठे मोडतात आणि न आणला, तर दोष कायमचे होतात, असा हा पेच होता. आठव्या आवृत्तीच्या वेळी, जानेवारी २००८ मध्ये, पृष्ठाने स्पष्टपणे मागितल्यासच नवी पद्धत लागू करण्याची योजना जाहीर झाली. तिच्यावर बरीच टीका झाली आणि मार्च २००८ मध्ये कंपनीने ती बदलून मानक पद्धत हीच मूळ धरली.

नाव विचारण्याचे धोके : ब्राउझर पृष्ठ मागताना आपले नाव व आवृत्ती कळवितो, त्यावरून सेवासंगणकानेच वेगळे पत्रक पाठवावे, हा दुसरा मार्ग होता. परंतु नावावरून भेदभाव होऊ लागताच ब्राउझर दुसऱ्याच्या नावाने वावरू लागले. एक्स्प्लोअररने ‘मोझिला’ हे नेटस्केपचे नाव लावले आणि ती प्रथा पुढे सर्वच प्रमुख ब्राउझरांत रूढ झाली. फेब्रुवारी २००३ मध्ये ऑपेरा कंपनीने एक उदाहरण उघडकीस आणले. मायक्रोसॉफ्टचे एमएसएन हे स्थळ ऑपेराच्या सातव्या आवृत्तीला निराळे पत्रक पाठवीत असून त्यातील ३० चित्रबिंदूंच्या ऋण समासामुळे मजकूर डावीकडे सरकतो. नाव बदलले की पृष्ठ नीट दिसते, असे तिने दाखवून दिले. शैलीपत्रकांचे जनक ली हे तेव्हा ऑपेराचे तंत्रविषयक प्रमुख होते.

भारतीय भाषांतील अनुभव : या भेदाची झळ मराठी वाचकांनाही पोहोचली. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठीसह अनेक भारतीय भाषांतील वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या संकेतनाचे टंक पृष्ठाबरोबर पाठवीत. एक्स्प्लोअररसाठी एका प्रकारची व नेटस्केपच्या चौथ्या आवृत्तीसाठी दुसऱ्या प्रकारची टंकसंचिका लागे. पुढे फायरफॉक्ससारख्या ब्राउझरांनी या दोहोंचाही स्वीकार केला नाही. तेव्हा वाचकाने तो टंक स्वतः संगणकावर बसविला नसेल, तर त्याच्यासमोर मराठीऐवजी रोमन अक्षरे व चिन्हे यांचा निरर्थक गुंता येई. इंग्रजी पृष्ठ दुसऱ्या ब्राउझरमध्ये बेढब दिसले, तरी वाचता येई. येथे प्रश्न रूपाचा नसून वाचनाचाच होता. शिवाय असा मजकूर शोधयंत्रांनाही मराठी म्हणून ओळखता येत नसे. युनिकोडच्या स्वीकारानंतर ही अडचण दूर झाली.

उपसर्गांचा काळ : प्रायोगिक गुणधर्म मानकापासून वेगळे ओळखता यावेत म्हणून ब्राउझर-निर्माते त्यांच्या नावापुढे आपापला उपसर्ग जोडीत. मोबाइलच्या प्रसाराबरोबर ॲपल व गूगल यांच्या ब्राउझरांतील वेबकिटचा उपसर्ग इतका रूढ झाला, की अनेक रचनाकार तेवढाच लिहून थांबू लागले. सीएसएस कार्यगटाचे सहअध्यक्ष दान्येल ग्लाझमान यांनी फेब्रुवारी २०१२ मध्ये याविरुद्ध जाहीर आवाहन केले. तरीही त्याच वर्षी ऑपेराने व २०१६ मध्ये फायरफॉक्सने काही वेबकिट उपसर्ग स्वीकारले. एका ब्राउझरपुरती केलेली सोय वापराच्या बळावर सर्वांवर बंधनकारक होते, हे पुन्हा दिसून आले.

क्षमतेची विचारणा : ‘तू कोण आहेस’ असे विचारण्याऐवजी ‘तुला हे करता येते काय’ असे विचारण्याची सोय सीएसएसमध्येच करण्यात आली. या ‘सपोर्ट्स’ नियमात एखादा गुणधर्म व मूल्य दिले जाते. ब्राउझरला ते समजत असेल, तरच आतील नियम लागू होतात. ऑपेरा, फायरफॉक्स व क्रोम यांत ती २०१३ पर्यंत आली. एक्स्प्लोअररमध्ये ती कधीच आली नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मधील दहाव्या आवृत्तीच्या मानक पद्धतीतून सशर्त टिप्पण्या काढून टाकल्या आणि १५ जून २०२२ रोजी एक्स्प्लोअररचा आधार बहुतांशी संपविला. ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला २०२२ पासून ‘इंटरऑप’ या संयुक्त उपक्रमात समान चाचण्यांच्या आधारे आपल्या ब्राउझरांतील फरक कमी करीत आले आहेत.

मूल्यमापन : ब्राउझरनिहाय नियमांमुळे सदोष साधनांच्या काळातही वाचकांपर्यंत वाचनीय पृष्ठे पोहोचली, हे नाकारता येत नाही. मात्र अशा नियमाने सोडविलेला प्रश्न एका आवृत्तीपुरता असतो आणि ती आवृत्ती गेल्यावरही नियम मागे राहतो. पेटीच्या वादाचा शेवट या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रुंदी कोणत्या पद्धतीने मोजावी, हे लेखकालाच ठरविता येईल, असा गुणधर्म पुढे मानकात समाविष्ट झाला आणि बहुसंख्य रचनाकार आज किनारीसह मोजण्याचीच, म्हणजे जुन्या एक्स्प्लोअररची पद्धत निवडतात. त्या ब्राउझरचा हिशोब मुळात असमंजस नव्हता; तो सर्वसंमत नव्हता. माप कोणते घ्यावे यापेक्षा सर्वांनी एकच माप मानावे, हे मानकाचे खरे प्रयोजन या इतिहासातून स्पष्ट होते.