स्टॅव्हुडिनचे पेटंट आणि येलचे विद्यार्थी

एड्सच्या विषाणूस स्टॅव्हुडिन हे औषध आवर घालते, हे अमेरिकेतील येल विद्यापीठात विल्यम प्रुसॉफ व त्यांचे सहकारी यांच्या संशोधनातून दिसून आले. या उपयोगाचे पेटंट विद्यापीठाकडे राहिले. विक्रीचा अनन्य परवाना ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीस मिळाला. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्हुडिनसह तीन औषधे दरसाल दर रुग्णास ३५० डॉलरांत देऊ केली. दक्षिण आफ्रिकेत औषधाअभावी रुग्ण दगावत होते. तेथे स्वस्त स्टॅव्हुडिन नेण्याची अनुमती ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने येलकडे मागितली. परवाना अनन्य असल्याने निर्णय कंपनीचा, असे उत्तर मिळाले.

विधिशाखेच्या विद्यार्थ्यांना हे उत्तर मान्य झाले नाही. ज्ञानाच्या स्वामित्वाबरोबर दायित्वही येते, ते विद्यापीठाने ओळखावे, अशी त्यांची मागणी होती. खुद्द प्रुसॉफ त्यांच्या बाजूस उभे राहिले. मार्चमध्येच कंपनीने दक्षिण आफ्रिकेत पेटंटाचा हक्क न बजावण्याचे जाहीर केले.

पुढे दुष्परिणामांमुळे स्टॅव्हुडिन मागे पडले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा वापर क्रमशः थांबविण्याची शिफारस केली. विद्यार्थ्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र औषधाबरोबर संपला नाही. परवान्याचा करार करतेवेळीच गरीब देशांतील रुग्णांचा विचार व्हावा, ही मागणी या लढ्यातून उदयास आलेल्या विद्यार्थी संघटनेने इतर विद्यापीठांपर्यंत नेली.